खण्ण, फट् आणि हौसाक्का

“सिस्टर, या पेशंटला काल तुम्ही काय सांगितलं होतं?”

डॉ. शितोळे हात धुऊन, कोपरं वर धरून ऑपरेशन थिएटरमध्ये उभे होते. टेबलावर हर्नियाचा पेशंट उताणा झोपला होता. त्याने नुकताच एक लांबलचक, तृप्त ढेकर दिला होता, आणि लसणाच्या चटणीचा वास स्पिरिटच्या वासावर मात करून खोलीभर पसरला होता.

“मी सांगितलं, का नको,” मी म्हणाले.

“काय?”

“का नको. सकाळी का नको.”

टेबलावरच्या माणसाने मान उचलून माझ्या बाजूने साक्ष दिली. “व्हय डॉक्टर. म्या इचारलं, सकाळी भाकरी खाऊ का? तर ह्या म्हणाल्या, का नको! आन् अशा ठासून म्हणाल्या, की म्या रोजच्यापेक्षा एक जास्तीच खाल्ली.”

मला म्हणायचं होतं, ‘खा नको’. खरं तर तेही चूकच, ‘खाऊ नका’ म्हणायला हवं, पण माझी अडचण व्याकरणाच्याही आधी सुरू होत होती. आम्हा मल्याळी माणसांना ख, घ, फ, भ ही अक्षरं लिहिता येतात. बोलताना मात्र ती तोंडातच विरघळतात. माझ्या तोंडी खाटेची काट व्हायची आणि भाताची बात. ळ मात्र मला पहिल्या दिवसापासून उत्तम यायचा. ‘गोळी’, ‘नळी’, ‘पोटात कळ’ हे शब्द मी असे म्हणायचे की पेशंट माना डोलवायचे. पण सगळं बोलणं काही ळ मध्ये उरकता येत नाही.

ऑपरेशन रद्द झालं. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“लिसीसिस्टर, तुमचं काम चांगलं आहे. हात हलका आहे. पण आज भाकरी निघाली, उद्या दुसरं काही निघेल. दिवाळीपर्यंत तुम्हाला मराठी बोलता आणि वाचता आली पाहिजे. नाही आली तर माझा नाइलाज आहे. मी स्वतः तुम्हाला मिरजेला गाडीत बसवून देईन.”

हे सगळं ते इंग्रजीत आणि सौम्यपणे म्हणाले, त्यामुळे मला ते नीट समजलं आणि जास्त लागलं. गाडीत बसवून देणं म्हणजे कोट्टयम, आणि कोट्टयम म्हणजे मामांनी माझ्यासाठी पसंत केलेला रबराच्या बागेचा मालक. तो माणूस वाईट नव्हता. पण तो दिवसभर दात कोरत बसायचा, आणि मुलगी बघायला आला तेव्हाही त्याने ते काम थांबवलं नव्हतं. त्याच्यापासून शक्य तितकं लांब जायचं म्हणून मी तासगावात आले होते. त्या गावाचं नावही मला आधी माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी हॉस्पिटलसमोरच्या बोळातल्या मयूर वाचनालयात गेले. तिथे शरयूताई मराठे बसत. भारदस्त बाई, घट्ट आंबाडा, समोर बेदाण्यांची वाटी. रहस्यकथेवर तेलाचा डाग पाडून आणणाऱ्या एका वकिलाला त्या झाडत होत्या. वकील निघून गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मराटी शिकायचं,” मी म्हणाले. “लहान पोरांचं पुस्तक पाहिजे.”

“आत्ता कुठलं वाचतेस?”

मी पिशवीतून पहिलीचं पुस्तक काढलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं, “ग-व-ळी आ-ला. गवळ्याने दूद आणले.”

“बरं. मग पुढं काय झालं?”

“पुडं?” मी पान उलटलं. “पुडं बदक आहे.”

“बघ! गवळी आला काय, गेला काय, तुला त्याचं काही आहे का? पुढं काय होणार याचा घोर लागल्याशिवाय माणूस वाचत नाही, बाई.” त्यांनी ते पुस्तक माझ्या पिशवीत परत टाकलं, वाकून खालच्या फळीवरून एक मळकट चित्रकथा काढली आणि माझ्यासमोर उघडली.

पहिल्याच चौकटीत एक राजकुमार कड्याच्या टोकाला लोंबकळत होता. वर एक जटाधारी मांत्रिक त्याच्या बोटांवर पाय द्यायच्या तयारीत उभा होता. दोघांच्याही तोंडातून फुगे निघाले होते. मी फुगे वाचायला वाकले, तेवढ्यात शरयूताईंनी त्यावर आपला अंगठा ठेवला. त्यांच्या अंगठ्याखाली एक अख्खं वाक्य मावायचं.

“आधी चित्र बघ. हा काय म्हणत असेल?”

“तो म्हणतो... मी पडतो.”

“आणि हा वरचा?”

“तो म्हणतो, पड.”

“शाब्बास! आता बघ, मराठीत कसं म्हणतात.” त्यांनी अंगठा काढला. मांत्रिक म्हणत होता, ‘हा हा हा! वज्रकेतू, तुझा अंतकाळ समीप आला आहे!’

अशी आमची शिकवणी सुरू झाली. ड्यूटी संपली की मी वाचनालयात जायचे. राजकुमार वज्रकेतू आणि मांत्रिक खर्परनाथ यांचं वैर चाळीसेक अंक चाललं होतं. खर्परनाथ प्रत्येक अंकात मरायचा आणि पुढच्या अंकात ताजातवाना होऊन यायचा. शरयूताई अंगठा ठेवायच्या, मी अंदाज करायचे, अंगठा निघायचा, मी वाचायचे. मग त्या खर्परनाथ व्हायच्या आणि मी वज्रकेतू. पुस्तकं बदलायला आलेले लोक दारात थांबून हा तमाशा बघत.

मी न अडखळता वाचलेला पहिला मराठी शब्द म्हणजे तलवारीवर तलवार आपटल्याचा आवाज. ‘खण्ण!’

“कण्ण,” मी म्हणाले.

“कण्ण काय? ही तलवार आहे की टाचणी?” शरयूताईंनी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून माझ्या ओठांसमोर धरली. “कागद हलला पाहिजे. ख! पोटातून. खण्ण!”

कागद हलेपर्यंत बेदाण्यांची वाटी संपली. पण एकदा ख मिळाल्यावर बाकीचेही आले. पडण्याच्या ‘धप्प’मधून ध आला, ढगांच्या ‘गडगडाटा’त उगीचच वेळ गेला, आणि फुटण्याच्या ‘फट्’मधून फ. खोलीवर मी आरशासमोर लढाया करायचे. माझी मैत्रीण मर्सी उशीखाली डोकं घालून झोपायची.

शरयूताईंनी मला दुसरी एक मालिका दिली, ‘ढेरे मंडळी’. तिच्यात जाडे ढेरे, त्यांच्या घरातल्या बाई आणि एक बोका होता. “राजवाड्यातलं बोलणं झालं, आता घरातलं शीक,” त्या म्हणाल्या. शिवाय रोज रात्री आपल्या दिवसाच्या चार चौकटी काढायच्या आणि त्यात मराठी फुगे भरायचे, असा गृहपाठ. माझी माणसं काडीची यायची, पण सलाईनच्या बाटल्या हुबेहूब.

महिन्याभरात मी वॉर्डात बोलायला लागले, आणि गोंधळाला सुरुवात झाली.

भेटीची वेळ संपली की नातेवाइकांना बाहेर काढणं हे आमच्याकडे महाकठीण काम होतं. त्या दिवशी मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहिले आणि म्हणाले, “प्रजाजनहो! भेटीची घटका समाप्त झाली आहे. आपापल्या गृही प्रस्थान करा!” क्षणभर कोणी हललं नाही. मग एका म्हाताऱ्याने हात जोडले, चपला घातल्या, आणि त्याच्यामागोमाग सगळा वॉर्ड रिकामा झाला. इंजेक्शन देताना मी म्हणायचे, “सावध! सुई येत आहे!” पेशंट हसायचे, आणि हसता हसता सुई आत जायची.

इथवर ठीक होतं. पण एका सकाळी डॉक्टर राउंडला आले. सोबत त्यांच्या मिसेस होत्या, कारण कुठल्याशा लग्नाला जायचं होतं. मी लांबूनच, ढेरेबाईंच्या अगदी बरोबर सुरात, मान थोडी तिरकी करून हाक मारली, “अहो, ऐकलंत का? आठ नंबरची सलाईन संपली!”

डॉक्टर जागच्या जागी थिजले. मिसेस शितोळे आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघायला लागल्या. आठ नंबरचा पेशंट खोकला.

संध्याकाळी मी शरयूताईंना विचारलं, “काय चुकलं?”

त्यांनी हसता हसता डोळे पुसले. “अगं, तसं नवऱ्याला म्हणतात!”

“पण ढेरेबाई रोज म्हणतात.”

“ढेरे तिचा नवरा आहे!”

“मला वाटलं भाडेकरू आहे,” मी म्हणाले. “सारखी त्याला घाबरवते ना.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून हे मराठी मी कुठून आणते ते विचारलं. मी प्रामाणिकपणे वज्रकेतूचा अंक टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला.

“असलं काही मी माझ्या मुलांना घरात आणू देत नाही. भाषा बिघडते. आणि तुम्ही ते वॉर्डात आणलंत? सिस्टर, इथे आजारी माणसं येतात. त्यांच्याशी साधं, धड बोलायचं. हे बंद करा आणि नीट पुस्तक घ्या. दिवाळी आलीच.”

मी ‘बरं’ म्हणाले. अंक उशीखाली गेले. पहिलीचं पुस्तक परत बाहेर आलं, आणि माझं बोलणं पुन्हा अडखळायला लागलं, कारण काहीही बोलण्याआधी ते धड आहे की राजवाड्यातलं आहे, हेच मला ठरवता येईना.

अशात हौसाक्का आली.

गणपती होऊन गेले होते. सकाळी सकाळी थोरला मुलगा हिंदुराव तिला जीपमधून घेऊन आला. साठीची, काटक, उन्हाने रापलेली बाई. तिच्या दारात दहा-बारा म्हशी होत्या आणि अख्ख्या वाडीचं दूध तिच्या शब्दावर चालायचं. उजवीकडे ओटीपोट धरून ती वाकली होती, पण तक्रार करत नव्हती. सगळ्यांना हुकूम तेवढे सोडत होती. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेतलं.

“अपेंडिक्स आहे, सुजलंय. आज काढायलाच हवं. मला सांगलीला कोर्टात साक्षीला जावं लागतंय, टाळता येत नाही. येताना भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाडीत घालूनच आणतो. तोवर हिला हलू द्यायचं नाही, पाणीसुद्धा द्यायचं नाही. नीट सांगा तिला. नीट!”

डॉक्टरांची गाडी गेली. मी खाटेपाशी गेले आणि सांगितलं, “आजी, काही खाऊ नका. पाणी पिऊ नका.” ख इतका जोरदार होता की हौसाक्काने पदराने तोंड पुसलं.

दुपारी वॉर्डात सामसूम होती. फुलाबाई, आमची आया, कापसाचे बोळे करत बसली होती. तेवढ्यात हिंदुराव परत आला. बरोबर धाकटा भाऊ संपत, आणि मागे कपाळभर भंडारा लावलेला, गळ्यात कवड्यांची माळ घातलेला, जटा वाढवलेला एक माणूस. हा त्यांच्या वाडीचा देवऋषी, नारूबुवा. त्याने दारातूनच हौसाक्काकडे बघून मान हलवली.

“करणी हाय,” तो म्हणाला. “दिवस मावळायच्या आत घरी न्या. इथं चाकू लागला की बाई संपली.”

“चल आई,” संपत म्हणाला.

मी पुढे झाले. साधं, धड बोलायचं होतं. “जाऊ नका. डॉक्टर येणार. ऑपरेशन आहे. जाऊ नका.”

“बाई, बाजूला व्हा,” हिंदुराव म्हणाला. “आमची आई हाय.”

“दुखणं जास्त होणार. हलवू नका.”

“बुवांनी सांगितलंय न्हवं? मग झालं तर.”

त्याने तिच्या काखेत हात घातले, संपतने पाय धरले. हौसाक्का कण्हली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या तोंडून तसा आवाज आला होता. मी पुन्हा ‘जाऊ नका’ म्हणाले. माझ्याकडे तेवढंच होतं. ते दोघं माझ्याकडे बघतही नव्हते.

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी दाराकडे धावले, वाटेत सलाईनचा रिकामा स्टँड हातात आला, तो मी दारात आडवा धरला, आणि समोर पाहते तर जटा, माळ, रागाने वटारलेले डोळे. असा माणूस मी रोज बघत आले होते. त्याच्याशी कसं बोलायचं, ते मला कोणी सांगायला नको होतं.

“खबरदार!” मी ओरडले. “दुष्ट मांत्रिका! निष्पाप प्रजेला छळणाऱ्या पाखंड्या! तुझ्या पापांचा घडा भरला आहे! एक पाऊल पुढे टाकशील तर गाठ माझ्याशी आहे!”

हिंदुरावच्या हातातून आई परत गादीवर टेकली. फुलाबाईच्या मांडीवरचे बोळे घरंगळले. कोपऱ्यातला हर्नियावाला, तोच भाकरीवाला, शेवटी त्याचंही ऑपरेशन आदल्या दिवशी पार पडलं होतं, पोट धरून म्हणाला, “सिस्टर, हसवू नका, टाकं तुटत्याल.”

नारूबुवा मात्र हसला नाही. तो आपल्या धंद्यात मुरलेला होता. परक्या मुलखातली पोर एकाएकी पुराणातलं मराठी बोलायला लागते, याचा त्याच्या लेखी एकच अर्थ होता. त्याने मुठीत भंडारा घेतला, डोळे बारीक केले आणि खालच्या आवाजात विचारलं,

“कोण हाईस तू? कुठनं आलीस?”

प्रश्न साधा होता. मी साधं उत्तर दिलं. “कोट्टयम.”

नारूबुवाने आठवून पाहिलं. हे ठाणं त्याच्या माहितीतलं नव्हतं. “लांबचं दिसतंय,” तो मुलांना हळूच म्हणाला, आणि पुन्हा माझ्याकडे वळला. “का आलीस? काय पायजे तुला?”

“अपेंडिक्स!” मी म्हणाले.

“काय?”

“हिचं अपेंडिक्स पाहिजे. आज. दिवस मावळायच्या आत.”

संपतचा चेहरा पांढरा पडला. “बुवा,” तो पुटपुटला, “देऊन टाकायचं का?”

“थांब रं!” नारूबुवा म्हणाला. “दुसऱ्या कशावर भागतंय का बघू. नारळ चालंल? कोंबडं?”

“कोंबडं नको,” मी म्हणाले. “अपेंडिक्स.”

“आरं, मला इचारा की कुणीतरी!” खाटेवरून हौसाक्का कडाडली. “माझं हाय न्हवं ते? काय आसतंय ते अपेंडिक? द्यायचं का न्हाय ते मी ठरवीन. ए पोरी, ये हिकडं. नीट सांग.”

नीट सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. आतडं, सूज, पू, यातलं वज्रकेतूच्या चाळीस अंकांत काहीच आलं नव्हतं. मी तापाचा तक्ता उलटा केला, खिशातलं पेन काढलं आणि चार चौकटी आखल्या.

पहिल्या चौकटीत एक पोट काढलं. पोटात आतडं, आतड्याच्या टोकाला शेपटीसारखा एक तुकडा.

“ह्यो गांडूळ हाय का?” हौसाक्काने विचारलं.

“हे अपेंडिक्स. लहान. शांत झोपलंय.”

दुसऱ्या चौकटीत तेच अपेंडिक्स फुगवून भोपळ्याएवढं केलं, त्याला रागावलेले डोळे आणि दात काढले, आणि फुगा लिहिला, ‘हा हा हा!’ हौसाक्काचा हात आपोआप पोटाकडे गेला. “आत्ता आसं झालंय?”

“आत्ता असं.”

तिसऱ्या चौकटीत मी चारी बाजूंनी रेघा ओढल्या आणि मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘फट्!’ तो शब्द मी मोठ्याने म्हणाले. वॉर्डातल्या सगळ्यांनी माना मागे घेतल्या.

चौथ्या चौकटीत मी भिंतीवरचा एक फोटो काढला, फोटोला हार घातला आणि खाली एक रडणारा माणूस बसवला.

हौसाक्काने तक्ता हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“ह्या फोटूत कोण हाय?”

मी पेनाचं टोपण लावलं. तिने बांगडीवर बांगडी आपटली. “मी हाय व्हय?”

“हो, आजी.”

“आन् ह्यो रडतोय कोण?”

“धाकटे चिरंजीव.”

“थोरला कुठं हाय?”

थोरल्यासाठी चौकटीत जागा उरली नव्हती. “तो बाहेर आहे,” मी म्हणाले. “म्हशींकडे.”

हौसाक्काने मान वळवून हिंदुरावकडे असं काही पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरकला. “वाटलंच मला,” ती म्हणाली.

“आई, आगं, चित्रातलं खरं आसतंय का?”

“गप! मला हारात बसवायला निघालासा मुडद्यांनो? मी जिती हाय तवर हितंच पडणार. डागदर येऊ दे. काय काढायचं ते काढू दे. आन् तुमी दोघं भाईर बाकड्यावर बसा. हललासा तर बघा!”

ते दोघं बाहेर जाऊन बसले. नारूबुवा मात्र तक्त्यावर वाकून तिसऱ्या चौकटीकडे बघत उभा होता. त्याचा उजवा हात आपल्या पोटावर फिरत होता.

“सिस्टरबाई,” तो हळूच म्हणाला, “ही शेपटी नेमकी कुठल्या अंगाला म्हणालासा?”

डॉक्टर सांगलीहून परतले तेव्हा हौसाक्का शांत पडून होती, तिचे मुलगे बाकावर शाळेतल्यासारखे हाताची घडी घालून बसले होते, आणि नारूबुवा जटा सावरत, तोंडात थर्मामीटर धरून सात नंबरच्या खाटेवर उताणा झोपला होता. त्याला गॅस निघाले. हौसाक्काचं ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतातच होतं, असं भूलतज्ज्ञ म्हणाले.

झाली हकिगत फुलाबाईने डॉक्टरांना सांगितली, म्हणजे करूनच दाखवली, स्टँडसकट. राउंड संपवून जाताना ते माझ्यापाशी थांबले.

“सिस्टर, दिवाळीचं आता राहू द्या.”

“थँक्यू, डॉक्टर.”

“फक्त मला अहो म्हणू नका.”

इतक्यावर ही गोष्ट संपली असती, आणि इतकी वर्षं मी ती सांगते तेव्हा लोक इथेच हसून उठतात. पण हौसाक्काचे टाके पिकले, म्हणून तिचा मुक्काम लांबला, आणि खरी गोष्ट त्या मुक्कामात झाली.

तो तक्ता तिने परत दिला नाही, उशाशी ठेवला. एका सकाळी मी ड्रेसिंग करत असताना तिने तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.

“हितं फट् लिवलंय न्हवं?”

“हो.”

“ह्यातला फ कुठला आन् ट कुठला?”

मी दाखवलं. तिने दोन्ही अक्षरं बोटाने गिरवली. “मला शाळंत घातलंच न्हाय,” ती म्हणाली. “म्हशीमागं घातलं. म्हशींची भाषा येती मला, कागदाची न्हाय.” मग तिने दुसऱ्या चौकटीवर बोट नेलं. “आन् ह्यो हासतोय तवा काय म्हणतोय?”

संध्याकाळी मी उशीखालचे अंक बाहेर काढले आणि वॉर्डात घेऊन आले. या वेळी अंगठा माझा होता. फुगा झाकून मी विचारायचे, “हा काय म्हणत असेल?” आणि हौसाक्का जे सांगायची, ते फुग्यातल्यापेक्षा कितीतरी झणझणीत असायचं. खर्परनाथाला तिने दिलेल्या शिव्या मी शरयूताईंना जाऊन सांगितल्या, तर त्यांनी आधी दार लावून घेतलं आणि मग पुन्हा सांगायला लावल्या.

मी तिला अक्षर द्यायचे, ती मला शब्द द्यायची. तिच्याकडूनच मला कळलं की म्हशीच्या मादी पिलाला वगार म्हणतात, दूध आटलेली म्हैस भाकड, आणि पोटात नुसतं दुखत नाही, तिथं कळ येते, मुरडा येतो, आग पडते, कालवतं, फुगून गुबारा धरतो, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. हे शब्द मला कुठल्याच पुस्तकाने दिले नसते. पुढे आयुष्यभर पेशंट माझ्याशी बोलले ते या शब्दांत, आणि मी मराठी बोलते असं मी म्हणते तेव्हा मला हौसाक्काची मराठी म्हणायची असते. जन्मभर मराठी बोललेल्या बाईला मराठी वाचायला मी शिकवावं, मी, कोट्टयमच्या लिसीने, याचं नवल मला तेव्हा वाटलं नाही. कामाच्या धबडग्यात सुचलंच नाही. नंतर मात्र वाटलं, अजून वाटतं.

घरी गेल्यावरही ती ड्रेसिंगला यायची, आणि जखम भरून आल्यावरही यायचीच. येताना खरवस, जाताना अंक. शरयूताईंनी तिला वाचनालयाची सभासद करून घेतलं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती शेवटचं दाखवायला आली. संपत तिला घेऊन आला होता. दोघं बाहेरच्या बाकावर बसले होते, आणि मी पलीकडे औषधांच्या कपाटापाशी उभी होते. हौसाक्का समोरच्या भिंतीकडे टक लावून बघत होती. तिथे निळ्या रंगात काहीतरी रंगवलेलं होतं. इतके दिवस ती त्या भिंतीसमोरून ये-जा करत होती, पण तिथे अक्षरं आहेत हे तिला त्या दिवशीच दिसलं असावं. तिचे ओठ हलायला लागले.

“ये... थे...”

मी हातातली बाटली तशीच धरून थांबले.

“थुं... कू...” ती अडली. मागे गेली, पुन्हा सुरुवात केली. बोट हवेत अक्षरामागून अक्षर सरकत होतं. “थुंकू... न... ये. येथे थुंकू नये.”

ती एकदम ताठ बसली. मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल, हसेल, कदाचित डोळ्यांत पाणीही येईल. मी त्या तयारीने उभी होते.

तिने मान वळवून संपतकडे पाहिलं. त्याचा उजवा गाल तंबाखूने टम्म फुगला होता आणि तो बाकाशेजारच्या कोपऱ्याकडे झुकत होता.

“संपत, तू सातवी पास हाईस न्हवं?”

त्याने तोंड मिटूनच मान हलवली.

“त्या भिंतीवर काय लिवलंय?”

त्याने वर पाहिलं. उत्तर द्यायला तोंड उघडणं त्याला शक्य नव्हतं.

“गिळ,” हौसाक्का म्हणाली.